शस्त्राचा सातबारा

अमरावतीजवळच्या भातकुलीतल्या आजच्या पोरांना सांगितले तर खरे वाटायचे नाही, पण १५ ऑगस्ट १९४७ पर्यंत त्यांचे गाव कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचे होते. एकटे भातकुली नव्हे, सगळा वऱ्हाड. १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला. १९३६ च्या कराराने निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. कचेरी, कोर्ट आणि सारावसुली इंग्रजांच्या हाती, मालकी मात्र निजामाची. कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, हा प्रकार वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

देश स्वतंत्र झाला आणि वर्षभरातच त्याच निजामाच्या राज्याभोवती नाकेबंदी आवळली गेली. निजामाचा भारताशी २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झालेला ‘जैसे थे’ करार दोन्ही बाजूंना जाचत होता. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता आणि चारही दिशांना भारतीय मुलूख होता. गोव्यातले मुरगाव बंदर पोर्तुगिजांकडून मिळवण्याची निजामाची खटपट त्यातूनच आलेली. पैनगंगेच्या अलीकडे उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता, पलीकडे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा धुमाकूळ. समोरच्यांना बंदुका पुरवतो कोण, हा सवाल नदीच्या दोन्ही काठांवर विचारला जात होता, कारण सरहद्दीवरच्या कॅम्पमध्येही शस्त्रे होतीच.

संस्थानात शस्त्रे येण्याची एक वाट आकाशातून होती. ती उघडणारा माणूस सिडनी कॉटन. जन्माने ऑस्ट्रेलियन, पहिल्या महायुद्धातला वैमानिक, उंचावरच्या थंडीत अंग गारठू नये म्हणून ‘सिडकॉट’ नावाचा पोशाख बनवणारा आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीवरून उडत चोरून छायाचित्रे टिपणारा. १९४८ मध्ये त्याने लँकास्ट्रियन जातीची विमाने गोळा केली. लँकॅस्टर या बॉम्बफेकी विमानाचाच हा प्रवासी अवतार. कराचीहून उडायचे आणि बीदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर रात्रीच्या अंधारात माल उतरवायचा, असा हा धंदा. बातमी दिल्लीत पोचली, लंडनला पोचली, पण विमाने येतच राहिली.

त्या काळी निजामाकडच्या शस्त्रसाठ्याबद्दल नाही नाही त्या वावड्या उठत होत्या. प्रत्यक्षात १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली भारताची पोलीस कारवाई पाच दिवसांत आटोपली. निजामाचे सेनापती जनरल एल एद्रुस यांच्या फौजेकडे आधुनिक शस्त्रांची चणचण होती, हे सगळ्यांना तेव्हा दिसले. पुढे इंग्लंडमध्ये कॉटनवर खटला झाला आणि २०० पाउंड दंड झाला. गुन्हा कोणता, तर हवाई वाहतुकीच्या नियमांचा भंग. पेट्यांमधल्या बंदुका कोणत्या कारखान्यातल्या, कोणी कोणाकडून विकत घेतल्या, पैसे कोणत्या खात्यातून फिरले, हे विचारण्याचे त्या खटल्यात कारणच नव्हते. इंग्रज कायद्याच्या हाती विमान लागले, बंदूक निसटली.

ही निसटलेली बंदूक हाच या लेखमालेचा विषय. ज्या प्रदेशात शस्त्रे नेण्यास मनाई आहे तिथे ती सापडतात, तेव्हा त्यांचा माग मुळापर्यंत कसा काढतात, कोण काढते आणि तो कुठे तुटतो, याची ही चौकशी आहे. तिच्यामागे एक साधे निरीक्षण आहे. जगातल्या संघर्षांत सापडणारी बहुतेक कारखानी शस्त्रे बेकायदा जन्मलेली नसतात. सरकारी वा परवानाधारक कारखान्यात ती रीतसर बनतात, त्यांच्यावर क्रमांक पडतो, पावती फाटते, परवाना निघतो. मूळ उतारा स्वच्छ असतो. घोटाळा होतो तो फेरफारात, एका हातून दुसऱ्या हाती जाताना. माग काढणाऱ्याला शोधायची असते ती नेमकी एक नोंद, जिच्या अलीकडे माल कायदेशीर होता आणि जिच्या पलीकडे राहिला नाही.

माग काढण्याची सुरुवात धातूवरच्या खुणांपासून होते. बंदुकीवर बनवणाऱ्याचे नाव वा चिन्ह, देश आणि अनुक्रमांक असावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००५ मध्ये मान्य केला. काडतुसांचा मात्र त्यात समावेश नाही. बंदूक ओळखता येते, तिच्यातून सुटलेली गोळी नाही, अशी ही विचित्र स्थिती. तरीही काडतूस अगदीच मुके नसते. त्याच्या बुडावर छाप असतो. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘के एफ’ ही अक्षरे इंग्रजांच्या काळापासून जगभरच्या संग्राहकांच्या ओळखीची आहेत. भुसावळजवळच्या वरणगाव कारखान्याची ‘ओ एफ व्ही’. छापावरून कारखाना कळतो, बहुधा वर्षही कळते. त्या वर्षी तो माल कोणाला विकला गेला, हे कारखान्याच्या वहीतच असते. ती वही उघडायची की नाही हे कारखाना आणि त्याचे सरकार ठरवते.

त्यामुळे हे काम बरेचसे पत्रव्यवहाराचे आहे. सापडलेल्या वस्तूचे चारी बाजूंनी फोटो घ्यायचे, क्रमांक उतरवायचा, कारखान्याला लिहायचे. उत्तर आले तर त्यात पहिल्या गिऱ्हाइकाचे नाव मिळते. मग त्याला लिहायचे. असे करत करत कुठेतरी उत्तरे येणे थांबते, आणि जिथे ती थांबतात तिथेच पाहण्यासारखे काही असते.

या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे एंड यूजर सर्टिफिकेट. हा माल आमच्याच सैन्यासाठी आहे, दुसऱ्या कोणाला देणार नाही, असे खरेदीदार देशाने विकणाऱ्याला लिहून दिलेले हमीपत्र. त्याच्याशिवाय कोणताही जबाबदार देश शस्त्रे निर्यात करू देत नाही. साहजिकच खोटे करण्यासाठी हाच कागद सर्वांत मोलाचा.

१७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यावर एका अँटोनोव्ह विमानातून पॅराशूट लावलेल्या पेट्या पडल्या. सकाळी गावकऱ्यांना शेतात एके-४७ रायफली आणि गोळ्या सापडल्या. माल बल्गेरियातून रीतसर निघाला होता, कारण त्याच्यासोबतच्या हमीपत्रावर बांगलादेशाचे नाव होते. विमान कराची, वाराणसी असे थांबत आले होते. काही दिवसांनी परतीच्या वाटेवर हवाई दलाने ते मुंबईत उतरायला भाग पाडले. ब्रिटिश शस्त्रदलाल पीटर ब्लीच आणि लाटव्हियाचे पाच कर्मचारी पकडले गेले. मुख्य सूत्रधार, किम डेव्ही या नावाने वावरणारा डॅनिश नागरिक नील्स होल्क, मुंबई विमानतळावरूनच पसार झाला. डेन्मार्कच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा एकदा त्याला भारताच्या ताब्यात द्यायला नकार दिला. रायफलींचा माग कारखान्यापर्यंत लागला, माणसाचा माग कोपनहेगनपर्यंत लागला, आणि तरीही पुरुलियाच्या कोणासाठी हा माल होता यावरचे वाद अजून मिटलेले नाहीत.

हीच युक्ती आफ्रिकेत घाऊक प्रमाणात चालली होती. अंगोलातल्या युनिटा बंडखोरांना शस्त्रे देण्यावर सुरक्षा परिषदेने १९९३ मध्ये बंदी घातली. शस्त्रे तरी जातच राहिली. कॅनडाचे मुत्सद्दी रॉबर्ट फाउलर यांच्या समितीने मार्च २००० मध्ये अहवाल दिला. बल्गेरियातून निघालेल्या मालासोबत टोगो या चिमुकल्या देशाच्या नावाची खोटी हमीपत्रे जोडलेली आढळली होती. फाउलर यांनी एक गोष्ट नवीन केली. त्यांनी दलालांसोबत टोगो आणि बुर्किना फासोच्या विद्यमान राष्ट्राध्यक्षांची नावेही घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांची भाषा तोवर इतकी थेट नव्हती. निर्बंध कोण मोडतो हे शोधण्यासाठी तज्ज्ञमंडळे नेमण्याची पद्धत त्यानंतर रुळली.

कागद खोटा नसतानाही माग फसवू शकतो. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. स्फोटके आणि शस्त्रे रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरली होती. त्यातल्या हातबॉम्बवर ‘आर्जेस’ हे ऑस्ट्रियन नाव होते. एवढ्यावर थांबले असते तर बोट व्हिएन्नाकडे गेले असते. पण हा हातबॉम्ब पाकिस्तानातल्या वाह येथील सरकारी कारखान्यात परवान्यावर बनत होता. याच जातीचे हातबॉम्ब २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातही आढळले. छापावरचे नाव आणि कारखान्याचे गाव यांत दोन खंडांचे अंतर असू शकते, हा धडा मुंबईने दोनदा घेतला. २००८ च्या तपासात अधिक उपयोगी पडली ती शस्त्र नसलेली एक वस्तू. हल्लेखोर ज्या रबरी होडीतून किनाऱ्याला लागले तिच्या यामाहा इंजिनाचा माग जपानमधल्या कंपनीच्या नोंदींवरून पाकिस्तानातल्या व्यापाऱ्यापर्यंत लागला.

विदर्भाच्या वाचकाने जिथे थांबून वाचावे असे प्रकरण २०१६ मधले आहे.

‘कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च’ ही ब्रिटनमधली संस्था रणभूमीवर जाऊन शस्त्रांच्या नोंदी घेते. जुलै २०१४ पासून वीस महिने तिच्या लोकांनी इराक आणि सीरियात ‘इस्लामिक स्टेट’च्या घरगुती बॉम्बचे सुटे भाग तपासले. रबिया, किर्कुक, मोसुल, तिक्रित, कोबानी अशा ठिकाणांहून सातशेहून अधिक वस्तूंची नोंद झाली. फेब्रुवारी २०१६ च्या अहवालात २० देशांतल्या ५१ कंपन्या आल्या. सर्वाधिक, म्हणजे १३, तुर्कस्तानच्या. त्याखालोखाल ७ भारताच्या, आणि त्यांत नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजचेही नाव होते. भारतीय वस्तू कोणत्या? डेटोनेटर, डेटोनेटिंग कॉर्ड आणि सेफ्टी फ्यूज. विहिरीला पाणी लागेना तेव्हा काळा खडक फोडायला सुरुंगवाला जे साहित्य घेऊन येतो, तेच.

सारा माल भारत सरकारच्या परवान्याने, कायदेशीर मार्गाने लेबनॉन आणि तुर्कस्तानातल्या आयातदारांकडे गेला होता, असे अहवालानेच स्पष्ट म्हटले. कारखान्याकडून नियमभंग झाल्याचा ठपका त्यात नाही. फेरफार झाला तो पुढे. खाणी आणि बांधकामांसाठी आलेला माल सरहद्दीजवळच्या बाजारात विकला गेला आणि तिथून पलीकडे गेला. काही वस्तू त्या प्रदेशात रीतसर पोचल्यानंतर काही महिन्यांतच बॉम्बमध्ये सापडल्या. बॉम्ब उडवायला वापरलेला फोन बहुतेकदा नोकिया १०५ असायचा, कोणत्याही मोबाइल दुकानात मिळणारा. ‘इस्लामिक स्टेट’ला शस्त्रे देण्यावर सुरक्षा परिषदेची बंदी होतीच. पण बंदी वाचणाऱ्या कस्टम अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर रायफल असते, खाणकामगाराची वात नसते.

नागपूरला हे प्रकरण अधिक लागू होण्याचे कारण म्हणजे देशभरातल्या स्फोटकांचे कागद याच शहरात तपासले जातात. १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली परवाने देणाऱ्या ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. कोणत्या मॅगझिनमधून, म्हणजे स्फोटकांच्या कोठारातून, किती पेट्या निघाल्या, कोणत्या गाडीने कुठे गेल्या, याची नोंद २००८ च्या नियमांनुसार ठेवावी लागते. देशाच्या आत ही साखळी शेवटच्या सुरुंगवाल्यापर्यंत जाते, निदान जावी अशी अपेक्षा असते. परदेशी बंदरात माल उतरला की वही त्या देशाची.

अमरावतीहून नागपूरला जाणारी एसटी बाजारगावावरून जाते. सोलरचा कारखाना तिथेच आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी तिथल्या स्फोटात ९ कामगार गेले, त्यांत ६ बायका होत्या. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात ८ जण दगावले. भद्रावती, अंबाझरी, पुलगावचा मध्यवर्ती दारूगोळा डेपो अशी नावे घेत गेले तर पूर्व विदर्भाचा अर्धा नकाशा भरतो. ३१ मे २०१६ च्या पुलगावच्या आगीचा धसका वर्धा जिल्ह्याने अजून टाकलेला नाही. माग काढणाऱ्यांच्या अहवालांत साखळीचे हे टोक ‘उत्पादक’ या एका शब्दात उरकते. तिथे आलेली आणि मेलेली माणसे कोणत्या गावची, किती रोजावर, हे त्यांच्या चौकटीत बसत नाही. या लेखमालेत ते बसवण्याचा प्रयत्न आहे.

मनाई नसलेल्या युद्धातही माग काढण्याची वेळ येते. १९ सप्टेंबर २०२४ रोजी रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली की युरोपीय खरेदीदारांनी घेतलेला भारतीय तोफगोळ्यांचा माल युक्रेनकडे वळवला गेला. त्यात अंबाझरीला मुख्यालय असलेल्या ‘यंत्र इंडिया’ या सरकारी कंपनीचे नाव होते. ही बातमी अंदाजावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी आहे, असे परराष्ट्र मंत्रालयाने म्हटले. युक्रेनवर सुरक्षा परिषदेची शस्त्रबंदी नाही, त्यामुळे पुरुलिया वा अंगोलासारखा हा मामला नव्हे. प्रश्न मात्र तोच. हमीपत्रावर सही करणारा देश माल स्वतःकडेच ठेवतो की नाही, हे विकणाऱ्याने किती दूरपर्यंत पाहायचे?

वाट नेहमी समुद्रापलीकडून येते असेही नाही. १५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती आणि त्याच्यासोबतचे माओवादी शरण आले. त्यांनी ५४ शस्त्रे खाली ठेवली. माओवाद्यांकडच्या इन्सास आणि एसएलआर रायफली बऱ्याचशा पोलिसांकडूनच लुटलेल्या. अशा रायफलीच्या मागाला परदेशी पत्रव्यवहार लागत नाही. दस्त्यावरचा बट नंबर एखाद्या पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत मिळतो, आणि त्या नोंदीशेजारी बहुधा एका शिपायाच्या मृत्यूची तारीख असते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. शस्त्रव्यापार करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २ एप्रिल २०१३ रोजी मंजूर झाला तेव्हा भारत तटस्थ राहिला. आयात करणाऱ्या देशांवर त्यात जादा भार आहे, हा त्याचा आक्षेप. त्या करारात शस्त्रे दुसरीकडे वळू नयेत यासाठी स्वतंत्र कलम आहे. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये भारत शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या वासेनार व्यवस्थेत सामील झाला आणि निर्यातीवरचे नियंत्रण त्या गटाच्या याद्यांशी जुळवून घेतले. आयातदार म्हणून वाढलेला देश आता निर्यातदार व्हायला निघाला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ज्या सात कंपन्या झाल्या, त्यांच्याकडून परदेशी मागणीची अपेक्षा आहे. म्हणजे येत्या काळात माग काढणाऱ्यांची पत्रे पुणे-नागपूरच्या पत्त्यांवर अधिक येणार.

या पत्रांना उत्तर द्यायचे की नाही यावर दोन मते आहेत आणि दोन्हींना लेखमालेत जागा दिली आहे. एक मत असे की गिऱ्हाइकाचे नाव ही व्यापाराची आणि संरक्षणाची गुप्त बाब आहे. परदेशी खासगी संस्थेला ते सांगण्याचे कारण नाही. दुसरे मत असे की उत्तर देणारा कारखाना स्वतःला मोकळा करतो, आणि गप्प राहणाऱ्यावर संशय चिकटतो. लेबनॉन-तुर्कस्तानच्या प्रकरणात भारतीय परवान्यांची माहिती उपलब्ध होती म्हणूनच माल इथून कायदेशीर निघाला हे ठामपणे लिहिता आले. हा तपशील दोन्ही पक्षांनी ध्यानात घ्यायला हवा.

पुढचे लेख कालक्रमाने लावलेले नाहीत. साखळी ज्या क्रमाने उलगडते त्या क्रमाने ते येतात: आधी वस्तूवरची खूण, मग कारखान्याची वही, मग हमीपत्र, दलाल, विमान वा जहाज आणि शेवटी बाजार. कॉटनच्या विमानांवरचा लेख त्यामुळे पाचवा येतो आणि सुरुंगाच्या साहित्यावरचा सहावा. बंदुकीची चित्रे मुद्दाम कमी ठेवली आहेत. कागदांचे नमुने जास्त आहेत. पहिला लेख छाप-शिक्क्यांचा आहे आणि तो खडकी-वरणगावच्या काडतुसांपासून सुरू होतो.